करपलेल्या भाकरीचा राजा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, कारण तेव्हा वर्षाला आकडा नसायचा, नाव असायचं. टोळधाड आली ते वर्ष, मोठा कालवा खणला ते वर्ष, राजाने पाणघोडा मारला ते वर्ष. हस्तिदंताच्या एवढ्याशा पट्टीवर ते नाव कोरायचं, ती पट्टी तेलाच्या बुधलीला बांधायची, की झालं वर्ष. असं सोपं होतं सगळं, आणि अवघडही होतं.

त्या काळी नाईल नदीच्या काठी खेरीत नावाचं गाव होतं. त्या देशात पाऊस म्हणाल तर नावालाच. वर्षातून एकदा दूरच्या डोंगरांतून नदीला पूर यायचा, शेतांवर काळा गाळ पसरून जायचा, आणि त्या गाळावर वर्षभराचं धान्य पिकायचं. आपल्याकडे पूर आला की माणसं घाबरतात, तिकडे पूर आला नाही की घाबरत. एक पूर चुकला की गावच्या गावं उपाशी मरत.

खेरीतची माणसं भाकरीसाठी नावाजलेली होती. खपली गहू पाट्यावर रगडायचा, पीठ मळायचं, आणि तापल्या दगडावर हातभर रुंद, जाड भाकरी टाकायची. तिचा वास नदीच्या पलीकडे जायचा असं म्हणतात. म्हणून राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पिढ्यान् पिढ्या खेरीतचीच माणसं असत. त्याचा गावाला केवढा अभिमान! आणि त्याचीच गावाला केवढी धास्ती!

धास्ती का, तेही सांगतो. तेव्हा राजा मेला की तो एकटा जात नसे. वाळवंटात त्याचं थडगं बांधत, आणि थडग्याभोवती लहान लहान खोल्या. त्या खोल्यांत राजाचा न्हावी जायचा, नावाडी जायचा, धोबी जायचा, कुत्री जायची, आणि भाकरी करणारी माणसं जायची. जिवंत माणसं हो, धडधाकट. त्यांना गुंगीचा एक पेला प्यायला देत आणि दारं विटांनी लिंपून टाकत. पैलतीरी राजाची सेवा कोण करणार, म्हणून. सेवा मिळाली नाही तर राजा रुसेल, आणि राजा रुसला तर नदी चढणार नाही, असं पुरोहित सांगत. नदीचं नाव काढल्यावर कोण ब्र काढणार? खेरीतच्या बायका आपल्या मुलींना भाकरी शिकवताना देवाजवळ मागत, "हिला येऊ दे, पण फार चांगली येऊ नको देऊस."

अशा त्या देशात उबेन नावाचा राजपुत्र जन्मला. जन्मताच त्याची आई गेली. खेरीतची नुबेत नावाची बाई मुदपाकखान्यात होती, तिचं स्वतःचं तान्हं नुकतंच वारलं होतं. तिने उबेनला दूध पाजलं. त्याला खांद्यावर घेऊन ती पीठ मळायची, आणि तो तिच्या पाठीवर पिठाची बोटं उठवायचा. राजपुत्राला राजा म्हणायची हिंमत तेव्हा कुणाला नव्हती, कारण बाप गादीवर होता. नुबेत मात्र त्याला पहिल्या दिवसापासून राजाच म्हणायची. सगळ्याच आया म्हणतात तसं.

उबेन सात वर्षांचा झाला आणि त्याचा बाप वारला.

त्या घराण्यात एक रीत होती. नव्या राजाने आपल्याजवळचं सगळ्यांत लाडकं ते बापाला निरोपाचं म्हणून द्यायचं. कुणी सोन्याची काठी दिलेली, कुणी पाळलेला ससाणा. राजमुद्रा सांभाळणारा सेदेख नावाचा पुरोहित पोराजवळ आला, गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "बाळराजे, आपल्याला सगळ्यांत जास्त काय आवडतं, सांगा बरं."

आता मागच्याच महिन्यात कुणीतरी उबेनला असंच विचारलं होतं. त्याने गाढवाचं एक शिंगरू दाखवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या शिंगराच्या गळ्यात निळ्या मण्यांची माळ आली होती. पोराला वाटलं, आत्ताही तसंच. नुबेतच्या गळ्यात कधी मणी नव्हते. तो हसून म्हणाला, "नुबेत दाई."

सेदेखने मान खाली घातली. "ठीक," म्हणाला.

नुबेत अंगणात भाकरी टाकत होती. उबेन तिच्याजवळ येऊन बसला, माळ कधी येते म्हणून वाट बघत. दोन माणसं आली. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग पोराकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. नुकतीच टाकलेली भाकरी दगडावर होती. ती पदराला हात पुसत म्हणाली, "राजा, भाकरी बघ हं. मी आलेच."

तो बघत बसला. बघ म्हटलं होतं, उलट म्हटलं नव्हतं. भाकरीच्या कडा वर आल्या, धूर निघाला, वास सुटला, तरी तो बघत होता, आणि मधून मधून दाराकडे. ऊन कलंडलं. शेवटी धोब्याच्या बायकोने येऊन भाकरी काढली. एक बाजू पांढरी होती, एक बाजू कोळसा. तिनेच त्याला सांगितलं की नुबेत आता येणार नाही, आणि का येणार नाही तेही सांगितलं. सांगायला नको होतं असं काही लोक म्हणतात. मला वाटतं, तिने सांगितलं ते बरं केलं.

ती भाकरी त्याने कुणाला टाकू दिली नाही. हस्तिदंताच्या डबीत ती त्याने जन्मभर ठेवली असं म्हणतात. त्या वर्षाच्या पट्टीवर कोरलं गेलं, "उबेन राजाने पांढरा मुकुट आणि तांबडा मुकुट घातला ते वर्ष." खेरीतमध्ये त्या वर्षाला नुबेत गेली ते वर्ष म्हणत.

उबेन मोठा झाला. राजा म्हणून तो चांगला होता. नदीच्या वरच्या अंगाचा पांढऱ्या मुकुटाचा देश आणि खालच्या अंगाचा तांबड्या मुकुटाचा देश नुकतेच एक झाले होते आणि सारखे भांडत होते. त्याने दोघांना एका कालव्यावर कामाला लावलं, आणि पाणी आल्यावर भांडण आपोआप निवलं. नदीकाठी एक खांब उभारून त्याने त्यावर खुणा कोरल्या, म्हणजे पूर कुठवर चढला ते कुणालाही दिसावं. पण त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

तो वीस वर्षांचा झाला तेव्हा सेदेख त्याला वाळवंटात घेऊन गेला. राजाचं थडगं राजा जिवंत असतानाच बांधायला घेतात. तिथे मधोमध मोठी खोली होती आणि भोवती लहान लहान चाळीस.

"ह्या कुणाच्या?" राजाने विचारलं.

"आपल्या माणसांच्या, महाराज."

"मला नकोत."

सेदेख दुष्ट नव्हता, हे सांगायला हवं. त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ जुन्या राजाबरोबर गेला होता, आणि त्याने स्वतःच्या हातांनी ते दार लिंपलं होतं. असं काही केल्यावर माणूस ते चूक होतं असं कसं म्हणेल? तो शांतपणे म्हणाला, "महाराज, तिकडे पाणी कोण भरेल? विटा कोण पाडेल? भाकरी कोण टाकेल? आपल्या हातांना काम ठाऊक नाही. आपण उपाशी राहिलात तर नदी उपाशी राहील."

राजाने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. मऊ होते, लोण्यासारखे. "मग शिकतो," तो म्हणाला.

त्या वर्षी पूर आला, शेतं पाण्याखाली गेली, माणसं रिकामी झाली, आणि एका नावाड्याला घेऊन राजा खेरीतला आला. सगळं गाव चिखलात पालथं पडलं. एक म्हातारीशी बाई तेवढी उभी राहिली. ती हेदी, नुबेतची थोरली बहीण.

"मावशी," राजा म्हणाला, "मला भाकरी शिकव."

"मावशी म्हणतोस?" हेदी म्हणाली. गावाने तोंडं आणखी खोल चिखलात खुपसली. "माझ्या बहिणीचं नाव कुणी घेतलं होतं, ठाऊक आहे मला."

"मीच घेतलं होतं."

"का घेतलंस?"

राजाने तिला शिंगराची गोष्ट सांगितली. निळ्या मण्यांची माळ सांगितली. दाई भाकरी बघ म्हणून गेली आणि मी नुसताच बघत बसलो, तेही सांगितलं. तेरा वर्षांत हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. हेदी ऐकत होती. सगळं सांगून होईतो पालथ्या पडलेल्या लोकांच्या नाकांवरचा चिखल वाळून गेला म्हणतात. मग तिने पाटा पायाने त्याच्याकडे सरकवला.

"बस. आधी दळायला शिक. भाकरी लांब आहे अजून."

अशी सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यात राजाच्या हातांना फोड आले. दुसऱ्या आठवड्यात ते फुटले. त्याचं पीठ इतकं जाडं निघायचं की बायका म्हणायच्या, "महाराज, हे बदकांना... नाही, बदकांनाही नको." त्याची पहिली भाकरी गाढवापुढे टाकली तर गाढवाने तोंड फिरवलं. हेदी हसली, बायका हसल्या, आणि त्यांच्यामागून राजाही हसला. राजवाड्यातल्या पट्टीवर त्या वर्षाचं नाव काहीतरी भारदस्त कोरलेलं असेल. खेरीतमध्ये ते वर्ष गाढवाने भाकरी नाकारली ते वर्ष म्हणून राहिलं.

मग दर वर्षी पूर चढला की राजा खेरीतला यायचा. एका वर्षी तो विटा पाडायला शिकला. एका वर्षी जाळं विणायला, एका वर्षी कावडीने पाणी वाहायला. स्वतःची हजामत स्वतः करायला शिकला तेव्हा कानाची पाळी कापून घेतली, आणि मुकुट महिनाभर तिरका बसायचा. गावातली पोरं त्याच्याबरोबर चिखल तुडवायची. हेदीची नात इपी तेव्हा रांगत होती, ती त्याच्या पाठीवर बसून पिठाची बोटं उठवायची, आणि अशा वेळी कधी कधी राजाचं दळण मध्येच थांबायचं.

सगळं त्याला आलं. भाकरी मात्र शेवटपर्यंत साधली नाही. मळायचा छान, थापायचा छान, टाकायचा छान. पण उलटायची वेळ आली की त्याचा हात थांबायचा आणि नजर दाराकडे जायची. पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली, ह्याचं उत्तर आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा देतं, फिरवली नाही म्हणून. राजालाही ते ठाऊक होतं. पण ठाऊक असून हात हलत नसेल तर काय करणार? हेदी अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायची, "उलट, रे राजा, उलट!" तोवर एक बाजू काळी झालेली असायची.

अशी वर्षं गेली. राजाला गादीवर बसून तीस वर्षं झाली. तिकडे तीस वर्षांनी मोठा उत्सव करत. दोन दगडांमधल्या मैदानात राजाने धावून दाखवायचं, म्हणजे अजून त्याच्यात दम आहे हे लोकांना कळतं. त्या काळी चाळिशीला माणूस म्हातारा होई. उबेनला खोकला लागला होता आणि गुडघे दुखत होते. चाळीस खोल्या बांधून तयार होत्या. कुणी जायचं तेही ठरलं होतं, आणि सगळ्यांत पुढे इपी होती. ती आता राजवाड्यात भाकरी करत होती, तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती, आणि तिच्या हातची भाकरी फार चांगली होती.

राजा धावला. मग सगळ्या लोकांसमोर उभा राहून म्हणाला, "माझ्याबरोबर कुणी येणार नाही. मी एकटा जाईन. माझं काम मी करीन."

तुम्हाला वाटेल, लोकांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या असतील. नाही. लोक घाबरले. एक शेतकरी मागून ओरडला, "आणि नदी चढली नाही तर? आमची पोरं उपाशी मरतील, महाराज!" तो वाईट माणूस नव्हता. त्याला तीन पोरं होती.

सेदेख आता काठी टेकत चालायचा. तो पुढे आला. "महाराज, मग ते दाखवा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, एका माणसाला लागतं ते सगळं काम कुणाच्या हाताशिवाय करून दाखवा. सगळं झालं तर एकटे जा. एक जरी काम अडलं, तर खोल्या भरतील."

राजाने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि राजाने मुकुट काढून ठेवला. त्याने नदीवरून पाणी आणलं. चिखल तुडवला, विटा पाडल्या, कमरेएवढी भिंत उभी केली. जाळं टाकून मासा धरला. कपडे धुतले. खोकत खोकत दळायला बसला तेव्हा दुपार उलटून गेली होती. लोक किनाऱ्यावर दाटीवाटीने उभे होते. सूर्य खजुराच्या शेंड्यावर टेकला, आणि पीठ अजून मळून व्हायचं होतं. तेव्हा सूर्य तिथेच थांबला असं म्हणतात. राजाने पीठ मळलं, दगड तापवला, भाकरी थापली, तरी तो शेंड्यावरच. मला विचाराल तर, वाट बघणाऱ्याला दिवस लांब वाटतोच. पण हे खेरीतमध्ये बोलू नका, जेवायला मिळणार नाही.

राजाने भाकरी टाकली. कडा वर आल्या. त्याचा हात थांबला, आणि नजर दाराकडे जायला तिथे दार नव्हतं म्हणून ती इपीकडे गेली. इपी मुलीला घट्ट धरून उभी होती. धूर निघाला.

सेदेखने भाकरी उचलली आणि लोकांना दाखवली. एक बाजू कोळसा. "महाराज," तो म्हणाला, "काम अडलं."

इपीने डोळे मिटले. तेवढ्यात गर्दीतून हेदी निघाली. ती इतकी म्हातारी झाली होती की तिला दोघींनी धरलं होतं. तिने सेदेखच्या हातातून भाकरी ओढून घेतली.

"करपलेली भाकरी खाऊन आजवर कुणी मेलेलं नाही, सेदेख," ती म्हणाली. "तुझ्या खोल्यांत माझी बहीण मेली. तुझा भाऊ मेला. चुकलेली भाकरी खाता येते. तुझी चूक कुणाला खाता येते ते सांग!"

तिने तुकडा मोडला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. "कडू आहे," म्हणाली, "पण भाकरी आहे." मग दुसरा तुकडा मोडून तिने सेदेखच्या तोंडासमोर धरला. सेदेखने काठी खाली ठेवली. मग त्याने तो खाल्ला, आणि खाता खाता तो भावाचं नाव घेऊन रडायला लागला. मग तो तीन पोरांचा शेतकरी आला. मग धोबी, नावाडी, कुंभार, त्यांच्या बायका. प्रत्येकाने तुकडा मोडला, आणि सगळ्यांचं खाऊन झालं तरी हेदीच्या हातात तुकडा उरलाच होता असं म्हणतात. आणि तेव्हा कुठे सूर्य मावळला.

"एकटे जा, महाराज," सेदेख म्हणाला. "पण मला नदीचं उत्तर ठाऊक नाही. ते नदीच देईल."

त्यानंतर तीन वर्षांनी, पूर यायच्या थोडे दिवस आधी, उबेन राजा वारला. त्याला वाळवंटात नेलं. थडग्यात त्याच्याबरोबर त्याचा पाटा ठेवला, विटांचा साचा ठेवला, जाळं ठेवलं आणि हस्तिदंताची डबी ठेवली. मोठ्या खोलीचं दार सेदेखने आपल्या हातांनी लिंपलं. भोवतीच्या चाळीस खोल्या रिकाम्या राहिल्या. ज्यांची नावं त्या खोल्यांसाठी घेतली होती ती चाळीस माणसं बाहेर उन्हात उभी होती. त्यांना घरी जायचं कसं तेच कळेना. त्या वाटेने त्यांच्यासारखं कुणी कधी परत आलं नव्हतं. शेवटी इपीची मुलगी भूक लागली म्हणून रडायला लागली, तेव्हा ती सगळी निघाली.

मग सगळा देश नदीकडे बघायला लागला.

पहाटे पूर्वेला व्याधाचा तारा दिसला की नदी चढायला लागते, अशी पिढ्यांची खूण होती. तारा दिसला. नदी चढली नाही. पाच दिवस गेले, दहा दिवस गेले. राजाने कोरलेल्या खांबाच्या सगळ्या खुणा कोरड्या होत्या. पंधराव्या दिवशी लोक त्या चाळीस माणसांकडे बघून आपसांत बोलायला लागले. विसाव्या दिवशी ते बोलायचे थांबले आणि नुसते बघायला लागले, आणि ते जास्त वाईट होतं. इपीने मुलगी हेदीच्या मांडीवर ठेवली. "आजी, मी जाते. सेदेखला सांगते, दार उघड. माझ्या एकटीने भागलं तर बरं."

"थांब," हेदी म्हणाली. "मला नदीवर न्या."

तिला चटईवर घालून नदीवर नेलं. भर दुपार होती. सगळं गाव मागे आलं. म्हातारीने पाण्याकडे बघितलं, मग पलीकडच्या वाळवंटाकडे बघितलं, जिथे राजाला ठेवलं होतं. ती कोपर टेकून जरा उठून बसली. मग म्हणाली, "बसला असणार तसाच. भाकरी टाकून दाराकडे बघत. खुळा कुठला!" आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ एकवटून ती ओरडली,

"उलट, रे राजा, उलट! दाराकडे काय बघतोस? नुबेत तिथेच असेल बघ, तुझ्या शेजारी! आता उलट!"

आवाज पाण्यावरून गेला. काही झालं नाही. मग इपी ओरडली, "उलट, रे राजा!" मग तो शेतकरी, मग त्याची तीन पोरं, मग सगळं गाव. वरच्या गावाने ते ऐकलं, तिथली माणसं काठावर आली आणि तीही ओरडायला लागली, आणि त्यांचं ऐकून त्याच्या वरच्या गावातली. नदीच्या उगमापर्यंत ती हाक गेली असं म्हणतात.

ऊन उतरायच्या आत खांबाची खालची खूण ओली झाली.

पहिला फेस आला, काड्या आल्या, लव्हाळं आलं. आणि त्या लव्हाळ्यात अडकून एक भाकरी तरंगत आली. हातभर रुंद, जाड. इपी छातीभर पाण्यात शिरली आणि ती घेऊन आली. भाकरी अजून गरम होती. हेदीने ती ह्या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली. पुन्हा ह्या बाजूने पाहिली.

दोन्ही बाजू खरपूस भाजलेल्या होत्या. काळा डाग औषधालासुद्धा नव्हता.

"शिकला एकदाचा," इपी म्हणाली.

"छे," हेदी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "हे नुबेतच्या हातचं आहे. आली ती परत."

त्या वर्षी पूर सगळ्यांत वरच्या खुणेपर्यंत चढला आणि खेरीतच्या शेतांत इतका गहू झाला की ठेवायला मडकी पुरली नाहीत. त्यानंतर त्या देशात राजाबरोबर पुन्हा कुणाला पाठवलं नाही, असं खेरीतची माणसं सांगतात. त्या चाळीस खोल्या वाळूने भरून गेल्या. सेदेख उरलेलं आयुष्य खेरीतमध्ये राहिला आणि दळायला शिकला. त्याचं पीठही जाडंच निघायचं.

खेरीत अजून आहे असं म्हणतात. वर्षातून एक दिवस तिथे कुणी कुणाच्या हातचं खात नाही. गावचा मुखिया असो, नवा जावई असो, ज्याची भाकरी त्याने टाकायची, आणि पोरींनी शेजारी उभं राहून हसायचं. पहिली भाकरी मुद्दाम एका बाजूने करपवतात आणि तुकडा तुकडा करून सगळं गाव खातं. दुसरी दोन्ही बाजूंनी नीट भाजतात आणि नदीत सोडतात. मग काठावर उभं राहून सगळे ओरडतात, "उलट, रे राजा, उलट!" आता त्या नदीवर मोठं धरण झालंय, पूर काही येत नाही. मग कशाला ओरडता, असं एकाने तिथल्या एका म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "मागायला कुठे ओरडतो आम्ही? माझी आजी, तिची आजी, तिची आजी, सगळ्या म्हाताऱ्या होऊन घरात मेल्या. त्याने एकट्याने जायचं ठरवलं म्हणून. एवढं तरी त्याला ऐकू जायला नको का?"

आणि त्या गावात आणखी एक रीत आहे. बाहेर जाताना आई पोराला चुलीपाशी बसवते आणि म्हणते, "भाकरी बघ हं. मी आलेच." हे शब्द तिथे कुणी उगाच बोलत नाही. लांब जायचं असेल, उशीर होणार असेल, तर तसं सांगून जातात. पण एकदा आलेच म्हटलं की मग वाटेत कुणी कितीही बोलावो, काही होवो, ती परत येतेच. पोरालाही ते ठाऊक असतं. ते दाराकडे बघत बसत नाही. ते भाकरीकडे बघतं, कडा वर आल्या की आपल्या हाताने ती उलटतं, आणि ती भाजून होते न होते तोच दारात आई उभी असते.